साहेब थांबत नाहीत

घोडा विकत घ्यायला निघताना कोण काय बरोबर घेतं ते बघावं. आमच्या जॉकींनी धुतलेला रुमाल आणि जुना चाबूक घेतला. लेकीनं हेल्मेट, बूट आणि स्वतःच्या रिकिबींचे पट्टे घेतले. मी दाभण, मेण लावलेला दोरा आणि कातड्याला भोकं पाडायचा पंच पिशवीत टाकला. परक्या पागेत काहीतरी तुटतंच, आणि तुटलं की सगळे माझ्याकडे बघतात.

जॉकी म्हणजे माझा नवरा. शर्यती सोडून जमाना झाला, गुडघे गेले, पोट आलं, पण नाव काही सुटलं नाही. वाणीसुद्धा त्यांना जॉकीच म्हणतो. घरामागे आमची घोडेस्वारी शिकवायची जागा आहे. वाळूचं एक रिंगण, मोजकी म्हातारी घोडी आणि आयांनी जबरदस्तीनं आणून सोडलेली मुलं. पुढच्या खोलीत मी खोगिरं आणि लगाम दुरुस्त करते. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. पहिलं खोगीर मी उसवून बघितलं आणि तसंच परत शिवलं. शेवटी मूठभर लोकर उरली. घोड्यानं तक्रार केली नाही. तेव्हापासून मी कारागीर.

लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो. जमिनीवर असली की तिचं नाव तिला शोभतं, एका जागी ठरत नाही. घोड्यावर बसली की मात्र इतकी शांत होते की मला ती माझी वाटत नाही. उड्यांच्या स्पर्धेत तिच्याइतका हलका हात आमच्या भागात कुणाचा नव्हता. हे आई म्हणून नाही, लगाम शिवणारी म्हणून सांगते. तिचे लगाम झिजतच नसत.

शहरातलं मोठं अश्वारोहण केंद्र दर वसंतात आपल्या उड्यांच्या संघात एक नवा स्वार घेतं. राहायला खोली, पगार, शिकवायला चांगली माणसं. वयाची अट असते, आणि भिंगरीचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वसंतात तिला कुणी दारात उभं केलं नसतं. चाचणीला स्वतःचा घोडा घेऊन जावं लागतं, आणि आमची उडी मारणारी एकुलती घोडी पाय आखडून लंगडत होती.

खरं तर भिंगरीनं घोडी बघून ठेवली होती. खालच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेची, मातकट रंगाची, मोठ्या डोक्याची, जातगोत कुणाला माहीत नसलेली घोडी. तिचं नाव बटाटा. सुट्टीच्या दिवशी भिंगरी तिला घेऊन ओंडक्यांवरून उड्या मारायची. बटाटा आधी थांबल्यासारखी करायची, ओंडका नीट बघायची, आणि मग घरातली बाई उंबरा ओलांडते तशी सहज पलीकडे जायची.

जॉकींनी तिला एकदाच बघितलं. "ही घोडी नाही," ते म्हणाले, "पाय फुटलेलं कपाट आहे."

"बाबा, उडी बघा की तिची."

"उडी कांगारूही मारतो. भिंगरी, रक्त लागतं रक्त. थरोब्रेड ते थरोब्रेड, शर्यतीची अस्सल जात. या कपाटावर बसून तू तिथं गेलीस तर लोक माझ्या नावाला हसतील."

नाव त्यांचं, वर्ष तिचं. पण आमच्या घरात असंच चालतं. कुणाचंही लग्न असो, घोडं जॉकींचंच पुढं दामटलेलं.

व्यापाऱ्याची पागा शहराबाहेर होती. सिमेंटचं अंगण, ओल्या पेंढ्याचा वास, कोपऱ्यात नळाची वाहती नळी. व्यापारी गुळगुळीत होता, पण वाईट वाटला नाही. घोडा बाहेर आला तेव्हा मी दोन पावलं मागं सरले. काळसर तांबडा, लांब मानेचा, आणि असा चालत आला की जणू आम्हीच त्याला भेटायची वेळ मागितली होती.

"कागदावर नाव मोठं आहे," व्यापारी म्हणाला. "आम्ही साहेब म्हणतो. जेवण वेळेवर लागतं आणि कुणाचं ऐकून घेत नाही."

"शर्यती सोडल्या का?" जॉकींनी विचारलं.

"हरायला लागला. पाय चांगले आहेत, मन उडालं. उड्यांना लोक नेतात असे घोडे."

घोड्यांच्या डॉक्टरबाईंना आम्ही बोलावलं होतं. त्यांनी साहेबांचे चारी पाय दाबून बघितले, दुडक्या चालीनं पळवून बघितलं, डोळ्यांत दिवा मारला. "पायांचं मी सांगते, स्वच्छ आहेत," त्या हात पुसत म्हणाल्या. "डोक्याचं मात्र ज्याला बसायचंय त्यानं बघा."

ज्याला बसायचं होतं ती हेल्मेट घालून उभीच होती. ती आपले पट्टे खोगिराला लावायला लागली तर जॉकींनी हात पुढं केला. "आण इकडं. मी जरा बघतो आधी."

"बाबा, तुमचे गुडघे."

"गुडघ्यांना विचारलंय मी."

पट्टे तिच्या मापाचे होते, उड्यांच्या स्वाराला लागतात तसे. जॉकींना शर्यतीसारखे आखूड हवेत. तिथं भोकंच नव्हती. "अगं, पंच असेल ना तुझ्या पिशवीत?"

होता. चांगल्या कातड्याला नको तिथं भोक पाडताना हात अडतो. माझा अडला. मग मी पट्ट्याच्या मध्यावर, तिच्या भोकांपासून लांब, दोन्हीकडे भोकं पाडून दिली.

शर्यतीच्या घोड्यावर चालता चालताच चढतात. तो उभा राहत नाही आणि त्याला कुणी उभं करतही नाही. मोतद्दारानं जॉकींचा पाय धरून त्यांना वर उचललं आणि साहेब पाऊल न थांबवता मैदानाकडे निघाले. मग जॉकींनी पाठ सपाट केली, हात मानेवर टेकवले, लगाम घट्ट धरला. घोडा त्या हातांवर रेलला, लांब झाला आणि सुटला. असा माणूस मी माझ्या संसारात पाहिला नव्हता. संसाराआधी एकदा पाहिला होता. त्याच्यामुळेच तर संसार झाला.

व्यापाऱ्यानं एक आडवा बांबू लावला. साहेबांनी तो असा पार केला की खालून आणखी एक घोडा गेला असता. फेरी संपली तशी जॉकी रिकिबीत उभे राहिले, हात सैल सोडले, आणि घोडा आपोआप मंदावत आमच्याकडे आला. ते आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि कुणाला काही कळलं नाही.

"लोणी आहे लोणी," जॉकी खाली उतरले. त्यांचे डोळे ओले होते. वाऱ्यानं असतील.

"आता ताईंना बसवा," व्यापारी म्हणाला.

"गरज नाही."

"बसू द्या की. उद्या मला शिव्या नकोत."

"अहो," मी म्हटलं, "तिला बसायचंय त्याच्यावर. तिला बघू द्या."

"माझ्या हाताला कळलं ते तिच्या हाताला कळेल," जॉकी म्हणाले. "हात माझाच आहे तिचा."

विकणाऱ्याला शंका आली, घेणाऱ्याला नाही. असा सौदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. भिंगरीनं हेल्मेट काढलं आणि पट्टे गुंडाळून पिशवीत ठेवले. घरी परतताना गाडीत जॉकी म्हणाले, "बोलत का नाहीस? तुझ्यासाठी घेतलाय."

"हो का," ती म्हणाली.

साहेब घरी आले. पहिल्या सकाळी भिंगरी चढायच्या ओट्यावर उभी, आणि साहेब ओट्याभोवती गोल गोल. ओटा उभा, ती उभी, घोडा प्रदक्षिणा घालतोय. शिकायला आलेली मुलं हसून लोळली. मी त्याला धरून ठेवलं तेव्हा ती कशीबशी चढली.

हसू तिथंच संपलं. पहिल्या अडथळ्याच्या आधी तिनं, उड्यांचे स्वार घेतात तसा, लगाम हलकेच आवरून घेतला. साहेब सुटले. तिनं आणखी आवरला, ते आणखी सुटले. कुंपणाला टेकून जॉकी ओरडत होते, "धर त्याला. अगं धर. घट्ट धर." ती घट्ट धरायची आणि घोडा भरधाव. अडथळ्याच्या मधून गेला तो, वरून नाही. भिंगरी वाळूत पडली आणि उठली तेव्हा तिचा एक हात दुसऱ्या हातात होता. खांदा मुका मार लागून महिनाभर निळा राहिला.

त्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही असल्या घोड्यांना थांबवायचात कसं?"

"थांबवायचं काय त्यात? शर्यत संपली की थांबतोच घोडा."

"आणि शर्यत संपली हे त्याला कोण सांगणार?"

"हात सांगतो. तुझा हात घाबरतोय. घाबरट हाताखाली घोडा पळणारच."

भिंगरीनं ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. घाबरट म्हटलेलं तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं, तेही घरात.

मग आठवडेच्या आठवडे तेच. धर, पळ, पड. जॉकींचं ओरडणं रोज थोडं मोठं व्हायचं आणि मुलांच्या आया कुजबुजायच्या. एका सकाळी जॉकी नालबंदाकडे गेले होते. भिंगरीनं एकटीनं साहेबांना काढलं. मी खिडकीशी खोगीर घेऊन बसले होते. अडथळ्याकडे येताना तिनं लगाम आवरला आणि तो तुटला. माझी शिवण होती; दोरा कुजलेला, माझ्या ध्यानात आला नव्हता. माझ्या हातून दाभण पडलं. ती आयाळ धरून पुढं वाकली, घोडा अडथळ्यावरून स्वच्छ पलीकडे गेला, आणि मग, लगाम लोंबत असताना, साहेब दुडकीवर आले, पावलावर आले आणि थांबले. चक्क उभे राहिले.

मी धावत गेले. "शिवण गेली गं माझी. थांब, दुसरा आणते."

"नको," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "शिवू नकोस इतक्यात."

उरलेल्या लगामाला हात न लावता ती पुन्हा गेली. पुन्हा उडी, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा तिनं मुद्दाम ओढून बघितलं आणि साहेब सुटले. सोडलं तसे मंदावले.

"आई, याला ओढलं की वाटतं, पळ म्हणतायत. जन्मभर त्याला तेच सांगितलंय. सोडलं की वाटतं, झालं, संपलं." ती घोड्याच्या मानेवर गाल ठेवून हसायला लागली. "बाबा रोज मला सांगतायत, धर. आणि मी धरतेय."

मी त्या तुटलेल्या लगामाचा एक पट्टा करून साहेबांच्या गळ्यात घातला, तिला तोल सावरायला काहीतरी धरायला हवं म्हणून. लगाम सैल, मुठीत गळ्याचा पट्टा. खोगिरात मागं बसून, श्वास सोडून ती त्याला हळू करायची. मी बसल्या जागेवरून बघायचे आणि माझी शिवण वाकडी जायची.

जॉकींना तिनं स्वतः सांगितलं, अगदी नीट, मानानं. ते ऐकून घेत होते आणि मान लाल होत होती. "म्हणजे मी तुला खोटं शिकवलं?"

"खोटं नाही, बाबा. शर्यतीचं."

"लगाम सोडून, गळ्याला दोरी बांधून जाणार तू तिथं? बैलासारखी? माझी हाडं मोडली या धंद्यात, आणि मला लगाम शिकवतेस." त्या दिवसापासून त्यांनी रिंगणाकडे पाठ केली. ती सकाळी साहेबांना घेऊन बाहेर पडली की हे पुढच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसायचे आणि जुन्या शर्यती सांगायचे. रिंगणातून टापा ऐकू यायच्या. टापा सावकाश झाल्या की ते मोठ्यानं बोलायचे.

चाचणीच्या दिवशी मात्र जॉकींचा रुमाल धुऊन तयार. गेलो तिघं. भिंगरीची पाळी आली. तिनं लगाम सैल सोडला, गळ्याचा पट्टा धरला. बाजूला कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. साहेब वेगळ्याच लयीत चालले होते, कुणी मागं लागल्यासारखे नाही, आणि एकेक अडथळा असा घेत होते की आधीच्यांचा धसमुसळेपणा आता दिसायला लागला. एकही दांडा हलला नाही. शेवटी तिनं नुसता श्वास सोडला आणि साहेब उभे राहिले.

निवड करणाऱ्या बाई स्वतः चालत आल्या. आखूड केसांच्या, एका पायानं किंचित लंगडणाऱ्या, जन्म घोड्यांत गेलेल्या. त्या घोड्याकडे बघत होत्या. "शर्यतीचा घोडा, आणि सैल लगामावर? असं मी फारसं पाहिलेलं नाही. कुणी घडवला हा?"

भिंगरीला धाप लागली होती. ती तोंड उघडणार तोच जॉकी म्हणाले, "मी."

बाई वळल्या.

"मीच," ते म्हणाले. "हातात घेतला तेव्हाच ओळखलं होतं. रक्त आहे हो. बाकी हात लागतो."

मी एक पाऊल पुढं टाकलं. भिंगरीनं घोड्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही म्हणून. इतकी कमी हलवली की फक्त आईला दिसावी. का ते तेव्हा मला कळलं नाही. वाटलं, बापाची लाज राखतेय. वाटलं, बाईंना डोळे आहेत, त्यांना कळेलच.

बाईंना डोळे होते, पण कानांवर जास्त भरवसा होता. काही दिवसांनी त्या आमच्या घरी आल्या, पुढच्या खोलीत खोगिरांच्या गर्दीत बसल्या. भिंगरीनं चहा आणला.

"केंद्राकडे शर्यतीतून सुटलेले बरेच घोडे येऊन पडलेत," बाई जॉकींना म्हणाल्या. "त्यांना उड्यांना तयार करणारा माणूस आम्ही शोधत होतो. तुम्ही याल का? हा घोडाही आम्ही घेऊ."

"आणि मुलीचं?" मीच विचारलं.

बाई जरा अवघडल्या. "चांगली बसते तुमची मुलगी. पण दुसरीही एक मुलगी आहे, तिच्या हाताशी वर्षं आहेत अजून. आणि खरं सांगू का, घोडाच इतका घडवलेला असला की वरच्याचं काय ते नीट कळत नाही."

जॉकींनी भिंगरीकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मी बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा तेवढा तरी वाचता येतो. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि वाक्य त्याच्याबरोबर गिळलं.

"कधीपासून येऊ?" ते म्हणाले.

भिंगरीनं रिकामे कप गोळा केले.

गाडी साहेबांना न्यायला आली त्या सकाळी तिनं त्यांना खरारा केला, शेपूट विंचरली आणि गळ्याचा पट्टा काढून घेतला. मी बघितलं. "त्या पट्ट्याचं सांग गं त्यांना. दुसऱ्या कुणाचं पोर पडेल."

"मी सांगितलं होतं, आई. अगदी नीट सांगितलं होतं."

मग मी तो पट्टा तिच्याकडून मागून घेतला आणि जॉकींच्या बॅगेत, शर्टांच्या वर ठेवला. त्यांनी तो काढला. "हे काय?"

"साहेबांच्या गळ्यात बांधा. लगाम सैल ठेवायला सांगा बसणाऱ्याला."

"खोगीरभरती नुसती," ते हसले आणि पट्टा खिळ्याला अडकवून निघाले. दारात थांबले, लेक रिंगणात वाळू ओढत होती तिकडं बघितलं. "रागावली का गं ती?"

"तुमच्या हाताला कळलं असेल ना," मी म्हटलं.

केंद्रावरून ते सुट्टीला यायचे तेव्हा नवा कोट असायचा आणि तक्रारी असायच्या. हल्लीच्या पोरांना हात नाहीत. घाबरट हात. साहेबांनी एकाला कुंपणावर टाकलं, एकीचं मनगट गेलं.

एका दुपारी बाईंचा फोन आला. मी उचलला. आवाज थकलेला होता. "तुमचे मिस्टर सगळं करतायत हो, पण साहेब थांबतच नाहीत. चाचणीला तर कसे उभे राहिले होते. तुमच्या मुलीला विचारता का, ती काय करायची?"

मी फोन भिंगरीच्या हातात दिला. ती रोपवाटिकेतून नुकतीच आली होती, बुटांना माती होती. आता ती तिथंच कामाला जाते. रोपं पोचवते आणि बटाटाला फिरवते. बाईंचं सगळं तिनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी मोजलं नाही. अजूनही वेळ होती, नसली तरी निदान बाईंना तिचं नाव कळलं असतं.

"बाबांना विचारा," ती शांतपणे म्हणाली. "घोडा त्यांनी घडवलाय."

फोन ठेवला. तिनं बापाची लाज राखली की त्यांना त्यांच्याच शब्दात कोंडून घातलं, ते मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी मी नुसती विचारत राहिले, "अगं, सांगायचंस ना."

खुंटीवरचे रिकिबींचे पट्टे काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवले. मध्यावरची ती भोकं आता ताणून लांबट झाली होती, आणि तिथं कातडं तडकायला लागलं होतं.

"ही बुजवता येतात का?"

"नाही गं. कातड्याला पडलेलं भोक बुजत नाही. इथूनच तुटेल कधीतरी."

"मग नवे कर," ती म्हणाली. "बटाटाच्या खोगिराला. आणि भोकं मी सांगेन तिथंच पाड."